दारातून नको, तारेतून

पोलादपूर,
११ फेब्रुवारी २००८

प्रिय रिझवाना,

सलाम. तुम्ही सगळे खुशाल असाल. आम्हीही मजेत. मुकुलची शाळेतली मास्तरकी आणि माझं दुकान, दोन्ही आपापल्या गतीने चाललंय. रऊफचाचा परवा दोहाला परत निघालेत आणि तुझ्या अम्मीने त्यांच्या बॅगेत तुझ्यासाठी सोड्यांची पुडी भरलीय. हे पत्र त्या पुडीखाली असेल. कागदाला वास लागला तर मला बोल लावू नकोस.

आता नमनाला घडाभर तेल पुरे. ऐक! काल मी पोलादपुरात माझ्या खुर्चीत बसून महाडच्या प्रेसमधला कॉम्प्युटर चालवला. तिथल्या फायली उघडल्या, तिथली अक्षरं वापरली, पत्रिका लावली, आणि छापून मात्र निघाली माझ्या इथल्या प्रिंटरवर! थापा मारत नाही, तुझ्या भावाला विचार. आपण टायपिंगच्या क्लासला जायचो तेव्हा आपल्या मागे लागून गोळ्या मागणारा आदिल आता महाडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि हे सगळं त्याने जमवलंय.

महाडची प्रेस म्हणजे अण्णांची प्रेस. हो, तीच. भुवया खाली घे. बाप-लेकीचं बोलणं अजून बंदच आहे.

तू दोहाला गेल्यानंतरचं ते प्रकरण, म्हणून तुला अर्धंमुर्धंच माहीत असेल. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीची एक लग्नपत्रिका. लग्न होतं ९ मेला, पत्रिकेत छापलं गेलं १ मे. एक तारखेला मुंबईहून पाहुण्यांच्या गाड्या येऊन थडकल्या तेव्हा मांडवाचे बांबूसुद्धा आले नव्हते आणि नवरी मुलगी अंगण सारवत बसली होती. गाव हसलं, पण मुलीच्या बापाने प्रेसच्या दारात उभं राहून सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं सुनावलं. अण्णा त्यांना म्हणाले, "कंपोझ चारूने केलंय." मी म्हटलं, मी नऊच टाकला होता. त्यावर मला म्हणाले, "मशीन आपणहून आकडे बदलत नाही." भर बाजारात, लोकांसमोर. मग मीही म्हटलं, ही पायरी मी पुन्हा चढणार नाही. चढले नाही. इथे पोलादपुरात दुकान टाकलं, झेरॉक्स, अर्ज, टायपिंग. बरं चालतं.

मी नऊच टाकला होता, एवढं लिहून हा विषय सोडते.

तर मागच्या महिन्यात कुशाबा दुकानात आले. अण्णांचे मशीनमन, आठवतात ना? त्यांची मुलगी पोलादपुरात दिलीय. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "ताई, कंपोझवाली पोर गेली सोडून. बिरवाडीला कंपनीत लागली. लगीनसराई तोंडावर हाय. अण्णा एकटंच बसत्यात त्या पडद्यापुढं, पन काम काय सरकत नाय."

"मला बोलवलंय त्यांनी?"

"नाय."

"मग?"

"मीच आलोय."

आता अडचण बघ. अण्णांचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर कुलूपवालं आहे. कॉम्प्युटरच्या पाठीत बोटाएवढी एक खुंटी खोचलेली असते. ती खुंटी जिथे, तिथेच ती अक्षरं चालतात. म्हणजे काम माझ्याकडे आणता येत नाही, आणि मी तिकडे जाणार नाही. आदिलला सांगितलं तर हसला. म्हणाला, "चारूताई, तुम्ही नका जाऊ. तुमचा माऊस जाऊ दे." कुशाबांनी भीत भीत अण्णांना विचारलं. अण्णांनी परवानगी दिली ती अशी: "तारेतून येतेय तर येऊ दे. दारातून नको."

आहे की नाही आमच्या घराण्याला शोभेल असं!

पहिल्या दिवशी मी सरळ प्रिंटचं बटण दाबलं. माझा प्रिंटर ढिम्म. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग चिडून दाबतच राहिले. तेवढ्यात कुशाबांचा फोन. "ताई, हितं पेपर आपोआप निघतायत! थांबतच नायत! अण्णा म्हनत्यात कोन काढतंय?" कोण काढणार, मीच! कॉम्प्युटर महाडचा, म्हणून तो आपला शेजारचा प्रिंटर धरून बसला होता. मला वाटत होतं मी माझ्या घरात वाढतेय, आणि जेवत होते शेजारी.

मग आदिल दोन गावांमध्ये एसटीने हेलपाटे घालू लागला. त्याचं म्हणणं, तुमच्या प्रिंटरची ओळखच महाडच्या कॉम्प्युटरला नाही, तो पाठवणार कुठे? म्हणून माझ्या प्रिंटरची सीडी नेऊन त्याने तिकडे घातली. दुसऱ्या दिवशी यादीत माझ्या प्रिंटरचं नाव उमटलं आणि मी दुकानात टाळ्या पिटल्या. प्रिंट काढली. कागद माझ्याकडे आला खरा, पण त्यावर 'चि. सौ. कां.' ऐवजी चौकोन, कंस आणि डॉलरची चिन्हं. नवरीच्या नावाजागी तर नुसती प्रश्नचिन्हं. मुकुल म्हणाला, "स्थळाची चौकशी अजून पुरी झालेली दिसत नाही."

यावर उपाय सापडला तो मलाच, हे आदिलला विचारून खात्री करून घे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये खोल एका कोपऱ्यात होतं, अक्षरं अक्षरं म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठव. तेवढी एक खूण केली आणि कागद सुळकन बाहेर आला. वर गणपती, खाली 'श्री वीरेश्वर प्रसन्न', काना-मात्रा-वेलांटी सगळं जागच्या जागी! समोर रंगूबाई बसल्या होत्या, नातीची पत्रिका करायला वरच्या वाडीतून आलेल्या. एरवी प्रूफ बघायला त्यांना महाड गाठावं लागायचं. त्यांनी कागद हातात घेऊन निरखला. "गनपती हाय न्हवं? मंग झालं." मी त्यांना मिठीच मारली. बिचाऱ्या घाबरल्या.

एकच कटकट राहिलीय. वीज गेली की महाडच्या मोडेमचा नंबर बदलतो, आणि वीज रोज जाते. नंबर म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे. तो कळल्याशिवाय मला आत शिरता येत नाही. तिकडच्या पडद्यावर तो इंग्रजीत दिसतो, आणि कुशाबांना इंग्रजी आकडे येत नाहीत. म्हणून रोज सकाळी अण्णा वाचतात आणि कुशाबा फोनवर मला सांगतात.

मागून अण्णांचा आवाज येतो, "सांग तिला, एकोणसाठ."

"ताई, एकोणसाठ."

"टिंब."

"टिंब म्हनत्यात."

इतक्या दिवसांनी वडिलांचा आवाज ऐकला तो असा.

पण एक आकडा हमखास चुकीचा सांगतात, रिझवाना. मी आपली दार ठोठावत बसते आणि आत कोणी नाही. मग पुन्हा फोन, पुन्हा आकडे. सहाचा आठ, आठचा तीन. मला वाटतं मुद्दाम करतात. येऊ तर द्यायचं, पण उंबऱ्यावर जरा ताटकळत ठेवायचं. करू देत. मीही त्यांचीच मुलगी आहे.

मुलांना गोड पापा. अम्मीला भेटून येईन म्हणते, पण महाडला जायचं तर… बघू.

तुझी,
सध्या तारेवर नाचणारी
चारू


पोलादपूर,
२७ फेब्रुवारी २००८

प्रिय रिझवाना,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात ही गर्दी, धड बोलता आलं नाही. पत्र मिळालं, सोडेही मिळाले, हे ऐकून बरं वाटलं. वीर स्टेशनवर तुझ्या नणंदेच्या नवऱ्याला गाठून हे पत्र देतेय, त्यांचं विमान शनिवारचं आहे.

काय सांगू आणि काय नको असं झालंय. आधी गंमत सांगते.

त्या कॉम्प्युटरचा एक स्वभाव आहे. मी तारेतून आत असले की तिकडचा पडदा बंद. आणि तिकडे कोणी पासवर्ड टाकून पडदा उघडला की मी बाहेर. एका वेळी एकच. आता अण्णांना स्वस्थ बसवतं का? मी पत्रिका लावत असायची, नवरदेवाच्या मामांपर्यंत आलेली असायची, की धाडकन बाहेर. पडद्यावर पाटी, तुम्हाला काढून टाकण्यात आलं आहे. मी परत शिरायची, म्हणजे अण्णा बाहेर. ते परत यायचे, मी बाहेर. एके दिवशी अशी आमची सकाळभर फुगडी चालली. शेवटी कुशाबांचा फोन. "ताई, अण्णा इचारतात, तू आत हायस का बाहेर?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." मुकुल हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

हे झालं हसण्यावारी. आता दुसरं.

आदिलने मला आत शिरायला वेगळं खातं करून दिलं होतं. माझी माझी मांडणी, अण्णांची अण्णांची. गेल्या गुरुवारी एक पत्रिका सापडेना. अण्णांनी ती स्वतः अर्धी लावून त्यांच्या खात्यात ठेवली होती. कुशाबांमार्फत पासवर्ड मागवला आणि त्यांच्या खात्यातून आत गेले.

रिझवाना, पडदा उघडला आणि मला आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. काळाकुट्ट पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि एकेक अक्षर पोळपाटाएवढं. फायलींची नावं मावत नव्हती म्हणून अर्धी कापलेली. माऊसचा बाण माझ्या पंजाएवढा. पत्रिकेची फाईल उघडली तर तीही इतकी फुगवलेली की 'श्री'चा फक्त वरचा भाग दिसत होता. मी आदिलला फोन लावला, काय झालंय हे? तो म्हणाला, "ताई, हे बिघडलेलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय असते. मी केलेली नाही. आधीच होती."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. माझे वडील रोज जे बघतात, ते मी माझ्या पडद्यावर बघत होते.

मग कुशाबांना फोन केला. अण्णा जेवायला गेले होते. म्हटलं, "कुशाबा, कधीपासून?" म्हणाले, "ताई, मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळं. त्या मे महिन्याच्या आदीपासनं. मला शपथ घातलीय. म्हनतात, छापखानेवाल्याला दिसत नाय हे गावाला कळलं तर कोन मजकूर आनून देईल?"

मे महिन्याच्या आधीपासून.

तुला आमच्या प्रेसचा नियम माहीत आहे. प्रूफ एकट्याने वाचायचं नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागद हातात धरून ऐकायचं. अण्णा म्हणायचे, एकट्याने वाचलेलं प्रूफ म्हणजे न वाचलेलं प्रूफ. त्या पत्रिकेच्या वेळी मी मुकुलबरोबर इथे, सासूबाई आजारी म्हणून आलेले, आणि अण्णांनी एकट्यानेच वाचून शेवटची दुरुस्ती केली होती. माझ्या नऊचा त्यांना एक दिसला. नाही, त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांनी अंदाजाने एक केला.

मला राग आला, रिझवाना. इतका आला की दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडले. माझ्यावर ढकललं! स्वतःचे डोळे गेले हे चारचौघांत सांगण्यापेक्षा मुलगी घालवली! आणि रडता रडता दुसरंच आठवलं. रोज सकाळी सहाचा आठ, आठचा तीन. पडद्याला नाक लावून ते मला नंबर वाचून दाखवत होते, आणि मी समजत होते मला ताटकळत ठेवतायत. शपथ घेऊन सांगते, तेव्हा मी मोठ्याने हसले. नाक पुसत हसले. वेडी झालीय म्हणशील.

दुसऱ्या दिवशी कुशाबांनी नंबर सांगायला फोन केला तेव्हा म्हटलं, "फोन अण्णांना द्या." मागे पंख्याची घरघर ऐकू आली. मग, "हं."

मी म्हटलं, "प्रूफ वाचते. ऐका."

एवढंच. डोळ्यांचं नाव काढलं नाही. वाचायला लागले, श्री वीरेश्वर प्रसन्न, आमचे येथे श्रीकृपेकरून… मला वाटलं ठेवला फोन. इतक्यात आवाज आला, "थांब. मुलीचे काका आधी आणि आजोबा नंतर? आजोबा वर घे. म्हातारा जेवायचा नाही लग्नात." घेतले वर. पुढे वाचलं. "'आशीर्वादा'ची शी दीर्घ आहे ना?" आहे म्हटलं. "मुहूर्त परत वाच." वाचला. "परत." परत वाचला. संपल्यावर मी थांबून राहिले. आमच्याकडे ऐकणाऱ्याने 'छापा' म्हटल्याशिवाय प्रूफ पुरं होत नाही.

"छाप," म्हणाले.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. नंबर तेच सांगतात. एक आकडा चुकतोच. मी आता काही म्हणत नाही, सहा चालला नाही तर आठ टाकून बघते, आठ नाही तर तीन. परवा आदिल आला आणि म्हणाला, "ताई, एक सोय निघालीय. महाडच्या कॉम्प्युटरला कायमचं नाव देऊन टाकतो, वीज गेली तरी बदलणार नाही. रोज नंबर विचारायची कटकट संपेल." मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, राहू दे कटकट. तू त्याला फोनवर समजावून सांग, मला जमणार नाही.

डोळ्यांचा विषय मी शेवटी सोमवारी काढलाच. "अण्णा, डोळे कधी दाखवताय?" फोन खाली आपटला. मला वाटलं, संपलं, उद्यापासून नंबर बंद, मी बाहेर. रात्रभर मुकुलचं डोकं खाल्लं. सकाळी फोन वाजला. अण्णाच. एकोणसाठ टिंब, असे सगळे आकडे सांगितले. मग घसा खाकरला.

"कुशाबाला घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो काल संध्याकाळी. वीरेश्वराच्या छबिन्याची गर्दी सरली की ऑपरेशन. मार्चच्या दहाला. नीट लिहून घे. एकावर शून्य, दहा. तारखेत चूक व्हायला नको."

रिझवाना, हा माणूस माफी बिफी मागणार नाही. पण मला मिळाली.

तुझी,
चारू

ता. क. अम्मीला सांग, येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी मी महाडात आहे. जेवायला येईन.


पोलादपूर,
७ मार्च २००८

तीर्थरूप अण्णांस,
चारूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मशीन आपोआप कागद काढायला लागलं म्हणून घाबरू नका. भूत नाही, मीच आहे. पहिल्या दिवशी चुकून तुमच्या प्रिंटरवर छापलं होतं, आज मुद्दाम छापतेय. अक्षर तुमच्या आवडीचं घेतलंय, दुकानाच्या पाटीवर शोभेल एवढं मोठं. एका ओळीत चारच शब्द मावतात. कागद फार लागतील. कुशाबांना रागावू नका.

नऊ तारखेचा विषय मी काढणार नाही. (काढला, तो एवढाच.)

दहा तारखेला सकाळच्या पहिल्या एसटीने मी महाडला येते. तुम्ही म्हणाला होतात, दारातून नको, तारेतून. खूप आले तारेतून. पण तारेतून चहा करता येत नाही, डोळ्यांत थेंब घालता येत नाहीत आणि दवाखान्यात हात धरता येत नाही. म्हणून दारातून येतेय. मी पायरी चढणार नाही म्हटलं होतं तेही मोडतेय. म्हणजे तुमचं एक आणि माझं एक, हिशेब फिटला.

ऑपरेशननंतर काही दिवस तुम्हाला पडद्यासमोर बसायला बंदी आहे. तुमच्या खुर्चीत मी बसेन. इथल्या दुकानाची काळजी नको. तार दोन्हीकडून चालते, हे आदिलने करून दाखवलंय. महाडात बसून मी पोलादपूरचा कॉम्प्युटर चालवीन, आणि रोज सकाळी इथला नंबर मला मुकुल सांगेल. त्याचे डोळे चांगले आहेत, तरी तो चुकेल.

मी आत असले की तुम्ही बाहेर, तुम्ही आत आलात की मी बाहेर. आदिल म्हणतो, त्या कॉम्प्युटरचा स्वभावच तसा. कॉम्प्युटरचा असू दे. आपल्या घराचा नको.

सोमवारी दाराची कडी काढून ठेवा.

हे पत्र तुम्हाला वाचता आलं तर उत्तम. नाही आलं, तर कुशाबांकडून वाचून घेऊ नका, आणि पडद्याला नाक लावता तसं कागदाला नाक लावून एकटे वाचू नका. एकट्याने वाचलेलं म्हणजे न वाचलेलं. मला फोन करा. मी वाचते, तुम्ही ऐका. आणि शेवटी काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे.

तेवढं ऐकायला फोनजवळ बसलेली,
तुमची चारू